दोन घोड्यांची जागा

४ सप्टेंबर

पोचले एकदाची. बसने फाट्यावर सोडलं आणि तिथून नालबंदाच्या उघड्या गाडीत, गवताच्या गठ्ठ्यांवर बसून पाऊण तास. उतरले तेव्हा केसांत इतकं गवत होतं की पहिल्याच घोडीने ते खायला सुरुवात केली. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी माझे बूट पाहिले, मग हात पाहिले, चेहरा सगळ्यात शेवटी. मला बाई तिथेच आवडल्या.

आठ वर्षं मी शहरातल्या घोडेस्वारी शाळेत मुलांना भुशाच्या रिंगणात फिरवलं. आधी डावीकडून, मग उजवीकडून. घाण्याच्या बैलात आणि माझ्यात फरक इतकाच की मला सोमवारची सुट्टी होती. आता समोर नदीचं खोरं आहे, दोन्ही अंगांना हिरवे उतार आणि त्यांच्या वर तो प्रचंड माळ, जांभळ्या झुडपांनी भरलेला. पाहुण्यांना घोड्यांवरून तिकडे न्यायचं, दाखवायचं, परत आणायचं, आणि याचे मला पैसे मिळणार. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, छोटी, तुला कामाला ठेवलंय की सहलीला बोलावलंय?

माझी खोली खोगिरं ठेवायच्या खोलीवर आहे. खालून कातड्याचा आणि तेलाचा वास येतो. चौदा घोडे आहेत. मला दिलेली घोडी करडी, अंगभर काळे ठिपके, नाव मिरी. स्वभावही नावासारखा. ही वही खरं तर कोणाला खोगीर घासलं, कोणाचा नाल सैल झाला हे लिहायला बाईंनी दिली. अंगरख्याच्या खिशात मावते. घोड्यांचं लिहून झालं की उरलेल्या पानांवर मी.

६ सप्टेंबर

पहिली फेरी पार पडली. पाहुणे सहा: निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको, बँकेतल्या तीन मैत्रिणी, आणि एक गृहस्थ ज्यांनी घोड्यावर चढायच्या आधीच आपल्या कंबरेचा सगळा इतिहास सांगितला. सकाळी नदीकाठाने दोन तास, मग जिथे पाणी घोड्याच्या गुडघ्याइतकंच आहे तिथून पलीकडे, आणि नागमोडी वाटेने वर. माळावर पोचलो. वारा, झुडपं आणि आभाळ, बास. वाट एका घोड्याच्या रुंदीची आहे. दोन्ही बाजूंना जमीन दिसते, पण ती जमीन नाही, दलदल आहे. मध्यावर दगडी निवारा, तिथे जेवण, आणि त्याच वाटेने परत.

बाईंनी जाताना बजावलं होतं की वाट सोडायची नाही. तेवढं मलाही कळत होतं. मग म्हणाल्या, माळावर मागे वळून कोणाला हाक मारायची नाही. मी विचारलं, घोडे बिचकतात का? त्या म्हणाल्या, तसंच समज.

पुढे मी, मग सहा पाहुणे, शेपटाला नालबंद. माणूस एरवी बोलका, नाल ठोकताना घोड्यांना सासरच्या माणसांच्या तक्रारी सांगतो. माळावर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप. आणि एक गोष्ट मला खटकली. शेवटच्या पाहुण्यामध्ये आणि त्याच्यामध्ये बरीच मोकळी जागा राहते. दोन घोडे उभे राहतील इतकी. परत आल्यावर मी त्याला म्हटलं की रांग तुटते, जरा जवळ राहा. तो म्हणाला की त्याची घोडी जवळ जात नाही. खरारा करता करता म्हणाला, माझ्याकडे न बघता.

शाळेत असते तर तिला दोन दिवसांत शिकवलं असतं. पण नव्या घरी आल्या आल्या भांड्यांची जागा बदलू नये, एवढं शहाणपण मला आहे.

९ सप्टेंबर

आज माळावर धुकं आलं. अर्ध्या वाटेवर असताना खालून चढलं, आणि पाच मिनिटांत मिरीच्या कानांपलीकडचं दिसेना. मी चाल मंद केली. मागून टापांचा आवाज येत होता, खोगिरांची करकर येत होती, सगळं ठीक होतं. मग अगदी मागून एक आवाज आला. चिखलातून पाय उपसत कोणीतरी घाईघाईने यायचा प्रयत्न करतंय तसा. फच्‌, फच्‌, थांबायचं, परत फच्‌.

मला वाटलं कंबरवाले मागे पडले. आठ वर्षांची सवय, मागे राहिलेल्या मुलाला सोडून शिक्षिका पुढे जात नाही. मी रांग थांबवली, खोगिरावर वळले आणि हाक मारली, "या, या सावकाश. आम्ही थांबलोय तुमच्यासाठी."

आवाज थांबला. मग परत सुरू झाला, आता घाई नव्हती.

निवाऱ्यापाशी धुकं विरळ झालं तेव्हा कंबरवाले माझ्या मागे तिसरे होते. ते कधीच मागे पडले नव्हते. नालबंद घोडीवरून उतरून भिंतीला टेकून उभा होता, तोंडाचा रंग उडालेला. त्याने एवढंच विचारलं की हाक तूच मारलीस ना. मी हो म्हटलं. तो जेवला नाही.

मिरीचा पुढचा डावा नाल बघायला हवा.

१० सप्टेंबर

आज हवा लख्ख होती. नालबंदाची घोडी सहाव्या पाहुण्याच्या पाठोपाठ अगदी खेटून चालली. मी मनात म्हटलं, बघा, सांगितलं की ऐकतात.

मग दिसलं की मोकळी जागा पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये आहे.

तेवढीच, दोन घोड्यांची. सहाव्या होत्या दंतवैद्याच्या बाई. मी त्यांना घोड्याला टाच द्यायला सांगितलं. त्यांनी दिली. घोडा दोन पावलं पुढे आला आणि परत मागे राहिला. कान मागे, नाकपुड्या फुललेल्या. निवाऱ्यात त्यांनी माझ्याकडे तक्रार केली की पुढच्या घोड्याला फार वास येतो, साचलेल्या पाण्यासारखा. त्यांच्या पुढे बँकेतली मुलगी होती, सकाळीच मी स्वतः धुतलेल्या घोड्यावर.

मनात पाल चुकचुकली, पण मी तिला गप्प केलं.

११ सप्टेंबर

आज चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये.

निवाऱ्यापासून परत निघताना मी घोड्यांचा क्रम बदलला. जो घोडा मागे राहतो त्याला पुढे आणला, सगळ्यात निवांत म्हातारा घोडा त्याच्या जागी लावला. म्हाताऱ्यानेही जागा सोडली. मग रांग अरुंद वाटेला लागायच्या आत मी सरळ मिरी वळवून त्या जागेत जायचं ठरवलं. या मिरीला मी आठवडाभरात एकदाही चाबूक दाखवला नव्हता, आज दाखवला. ती जागच्या जागी थरथरत उभी राहिली, घामाने निथळत, पण गेली नाही.

पाहुण्यांनी मला विचारलं की काय चाललंय. मी म्हटलं, प्रशिक्षण.

१२ सप्टेंबर

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. मी आज माळावर एकदाही तोंड उघडलं नाही.

पाहुण्यांची ही शेवटची फेरी होती. ते हसत, फोटो काढत गेले. कंबरवाल्यांनी सांगितलं की इतका छान आठवडा कित्येक वर्षांत गेला नव्हता. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले. बाई भाजी चिरत होत्या. मी म्हटलं की मला सगळं सांगा, नाहीतर उद्याच्या बसने मी जाते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान पाहुण्यांना न्यायचे. एकदा रांगेत शेवटी एक बाई होती, सकाळपासून कुरकुर करणारी. खोगीर टोचतं, घोडी हट्टी आहे, ऊन लागतं. माळावर धुकं आलं तेव्हा ती मागून ओरडली, थांबा, जरा थांबा. यजमानांना वाटलं, हिचं परत सुरू झालं. ते थांबले नाहीत. निवाऱ्यापाशी मोजले तर एक कमी. ना ती सापडली, ना घोडी. दलदलीत बांबू खुपसून पंधरा दिवस शोधलं.

त्यानंतर पाहुण्यांची फेरी संपली की यजमान रोज एकटे वर जायचे आणि तिला हाका मारायचे. माफी मागायचे, या म्हणायचे. बाई आडव्या यायच्या तर ऐकायचे नाहीत. मग एक दिवस घरी आले ते आनंदात. म्हणाले, ती येतेय गं, पाहुण्यांच्या रांगेत रोज एक घोडा पुढे सरकते. बाईंनी ते वाक्य मला सांगितलं आणि पाटावरची चिरलेली भाजी पातेल्यात सारली. शेवटी ती जागा यजमानांच्या पुढे गेली. त्या दिवशी त्यांचा घोडा वाट सोडून तिच्या मागेच चालायला लागला. ते परत आले नाहीत.

आधी ती जागा एका घोड्याची होती, बाई म्हणाल्या. त्यानंतर दोन घोड्यांची झाली, आणि शेपटाला जाऊन राहिली. कोणी हाक मारली नाही तर ती तिथेच राहते. घोडे सांभाळून घेतात.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस?" बाई म्हणाल्या.  याआधी तीन जणी सोडून गेल्या होत्या.

१३ सप्टेंबर

नवे पाहुणे बाईंनी रद्द केले. मी फेरी नेली नाही तर ती जागा आहे तिथे राहील, असं त्यांचं म्हणणं. महिना-दोन महिन्यांनी कदाचित मागे जाईल.

जायचं ठरवून ताईला फोन लावला, तर ती आणि चिमी निघालेल्या. मला चकित करायचं होतं म्हणे. माझी भाची, वय वर्षं दहा, पायांत नवे बूट घालूनच रात्रभर झोपली होती. उद्या पोचतायत. तोंडात मारल्यासारखं झालं मला. दोन दिवस राहतील, मग तिघी मिळून परत.

१४ सप्टेंबर

आल्या. चिमीने तबेल्यात शिरल्या शिरल्या ढब्बूच्या गळ्यात हात टाकले. तो आमचा सगळ्यात लठ्ठ, सगळ्यात आळशी तट्टू. ताईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तू जेवतेस ना. मी तिला थोडंसं सांगितलं, सगळं नाही. ती म्हणाली, तुला विश्रांतीची गरज आहे, चल घरी.

चिमी हात धुऊन मागे लागलीय. माळ नको तर नको, पण निदान नदीकाठाने तरी. बाई म्हणाल्या की ते कधी माळावरून खाली आलेलं नाही. नालबंदानेही मान हलवली. उद्या अर्धा तास. फक्त नदीकाठ. पोरगी इतक्या लांबून आलीय.

१५ सप्टेंबर

जायला नको होतं.

पुढे मी मिरीवर, मग चिमी ढब्बूवर, मग ताई, शेवटी नालबंद. ऊन पडलं होतं. नदी खळखळत होती, काठावरची वाट कोरडी, धूळ उडेल इतकी कोरडी. दहा मिनिटं सगळं छान चाललं होतं. मग मागून चिमी म्हणाली, "मावशी, तुझी घोडी माझ्यावर चिखल उडवतेय."

मी वळले. ढब्बू माझ्यापासून वीस पावलांवर होता. मधे कोणी नव्हतं. चिमीचा सदरा छातीपासून गळ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखला होता. गालावर थेंब होते आणि ती ते पुसत होती. आम्ही बघत असतानाच कपाळावर आणखी एक उडाला.

तिला खाली कसं घेतलं, परत कशी आणली, मला नीट आठवत नाही.  ताईनेही बघितलं.

फेरी न नेताही ती जागा रोज एक घोडा पुढे सरकतच होती. बाराला तिच्या आणि माझ्या मधे तीन घोडे होते, आणि आज तीन दिवस झाले. मला हे आधी कसं सुचलं नाही — एवढी साधी बेरीज. आता त्या दोघांच्या पुढे मी एकटीच.

उद्या नऊला नालबंदाची गाडी. सामान बांधून ठेवलंय. मी आता घोड्यावर बसणार नाही. कधीच नाही.

१६ सप्टेंबर, सकाळ

चिमी खोलीत नाही. ढब्बूची जागा रिकामी. दार आतून उघडलेलं.

नालबंदाला अंगणात तिचा एक नवा बूट सापडला. टापांचे ठसे नदीकडे. मग पाण्यापलीकडे — वर.

ताई हाका मारायला निघाली होती, बाईंनी तिला घट्ट धरलं. मी मिरीवर खोगीर टाकतेय. वही खिशात का कोंबतेय माहीत नाही.

१६ सप्टेंबर, दुपार असावी

लिहिते. मिरी इतकी सावकाश चालते की लिहिता येतं.

चिमी सापडली. आधी तेच लिहिते. ती सापडली आणि ती घराकडे गेली.

निवाऱ्याच्या पुढे, धुक्यात दिसली मला. ढब्बूच्या उघड्या पाठीवर, अंगात झोपायचे कपडे. ढब्बू वाटेने चालला होता, मान खाली, कोणाच्या तरी मागे चालावं तसा. हाक मारायची नव्हती. मी तिच्या मागे पोचले, हळू आवाजात म्हटलं, उडी मार, मी धरते. ती रडत होती. तिची बोटं आयाळीत आखडून गेली होती, सुटत नव्हती. म्हणाली की ती फक्त त्याचा निरोप घ्यायला पाठीवर बसली होती, तोच आपला चालायला लागला.

शेजारून जायला वाट नव्हती. मी मिरीला दलदलीत घातलं. पोटापर्यंत गेली. मला वाटलं संपलं. पण कशी कोण जाणे, धडपडत वर आली, ढब्बूच्या पुढे. त्या जागेत.

ढब्बू दोर कापल्यासारखा थांबला. मग स्वतःच वळला. मी चिमीला म्हटलं, घरापर्यंत मागे बघायचं नाही, आणि मला हाक मारायची नाही, आईलाही सांग. तिने मान हलवली. शहाणी आहे पोरगी. धुक्यात तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

मग मी लगाम ओढला. मिरी थांबली नाही.

नंतर

आम्ही अजून चालतोय. पुढे काही दिसत नाही. वास येतो, दंतवैद्याच्या बाई म्हणाल्या तसा. आणि चिखल उडतो माझ्यावर — पानावर पडलाय तो तोच.

उतरायला पाय खाली सोडला. खाली वाट नव्हती. काळं पाणी. मिरीच्या खुरांखाली मात्र दगडावर वाजावं तसं वाजतंय.

पुढून कोणीतरी कुरकुर करतंय. बाईचा आवाज. खोगीर टोचतं म्हणतेय. आणि एक पुरुष तिला सारखं समजावतोय, झालं, आता पोचलोच —

नंतर

थंडी. पेन्सिल नीट धरता येत नाही. निवारा परत दिसला. दोनदा दिसला. आम्ही त्याच्याभोवती —

माणसं आहेत तिथे. खरी. बाई, नालबंद, ताई. घोड्यांवर. ताईला परत कोणी घोड्यावर बसवलं, तिला भीती वाटते. चिमी पोचली असणार, त्याशिवाय ताई —

ते इकडेच येतायत. आता अगदी जवळ. ताई माझ्याकडे बघतेय, पण तिची नजर माझ्यावर थांबत नाही. पलीकडे जाते. बाईंचा घोडा थबकला. नालबंदाची घोडी मागे सरली. त्यांच्यामध्ये जागा झाली. मोठी. बाईंनी ती जागा बघितली. नजरेने मोजली. एक, दोन —

त्यांना कळलं. बाईंना कळलं, मी कुठे आहे ते. त्या सरळ माझ्या तोंडाकडे बघतायत. डोळे भरून आलेत त्यांचे.

ताईने तोंड उघडलं. बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मान हलवतायत, नको, नको —

घोडे वळवतायत.

ताई. मी इथे. एकदाच मार हाक, छोटी म्हण, मी लगेच —

ताई